तिच्या मांडवात स्पॅनिश गाणं

माझा प्रेमभंग साठच्या दशकात झाला, आणि तो स्पॅनिश भाषेत झाला. बोटीवर खलाशी असलेल्या मामाने गाण्यांची एक तबकडी आणून दिली होती. तिच्यात एक बाप्या असा काही गळा काढायचा, की शब्द न कळताही माझे डोळे भरून यायचे. शेजारची मुलगी मला आवडायची. तिचं लग्न खालापूरकडे ठरलं होतं, आणि मी तिला कधी एका शब्दाने काही बोललो नव्हतो. रोज संध्याकाळी ते गाणं लावून मी मनसोक्त दुःख करायचो. जेवण मात्र दोन्ही वेळचं व्यवस्थित व्हायचं.

गावात तबकड्यांचं मशीन आणि कर्णा माझ्याकडेच. त्यामुळे तिच्या बापाने मलाच सांगितलं, "मांडव घातला का लगेच येऊन कर्णा बांध रं. घरचंच कार्य हाय." मी मनाशी ठरवलं, वाजवायचं तर हेच गाणं. गावाला कळणार नाही, पण तिला कळेल. कसं कळेल, याचा विचार मी केला नव्हता.

तरी अर्थ ठाऊक असलेला बरा, म्हणून मशीन सायकलला बांधून कोंडाणे लेण्यांकडच्या एका वाडीवर गेलो. तिथे दवाखाना चालवणारे स्पेनचे एक फादर होते. पुस्तकी, पण स्वच्छ मराठी बोलायचे. त्यांनी डोळे मिटून गाणं ऐकलं.

"हा मनुष्य म्हणतो, मी तुझ्या दाराशी आलो, मनातलं सगळं सांगितलं, आणि तू नाही म्हणालीस. आता तुझ्या दारावरून जाताना माझे पाय अडखळतात." मग त्यांनी विचारलं, "तुम्हांला कोण नाही म्हणालं?"

"कोणी नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

"नाही."

"मग हे गाणं तुमचं नव्हे," असं म्हणून ते खोकणाऱ्या पेशंटकडे वळले. प्रेमभंगालाही काही पात्रता लागते, हे मला नवीन होतं. भयंकर राग आला.

लग्नाच्या आदल्या दुपारी कासार मांडवात चुडा भरायला बसला, तेव्हा मी हट्टाने तेच गाणं लावलं. बायकांना ठेका आवडला. नवरीची आत्या पदर खोचून नाचायलाच लागली. "परत लाव रं, झकास हाय!" मी परत लावलं. माझ्या दुःखावर नाचून अख्खा मांडव घामाघूम झाला.

तेवढ्यात हिरवा चुडा भरलेली ती माझ्या टेबलाशी आली.

"ह्यो काय म्हनतोय रं?"

फादरांचा शब्द न् शब्द मला पाठ होता. दार, पाय, सगळं.

"लग्नाचंच हाय," मी म्हणालो. "खुशीत गातोय."

"खुशीत? मला वाटलं, रडतोय कुनीतरी." ती माझ्याकडे बघत राहिली. "नक्की ना?"

"फादरना इचारून आलोय."

ती अजून जराशी थांबली. मी मशीनवरची धूळ पुसत बसलो. मग आईने हाक मारली, तशी ती गेली. मला खरोखरीच रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून कर्ण्याची वायर तपासायच्या निमित्ताने मी आंब्यावर चढून बराच वेळ बसून राहिलो.