साडूभाऊंचं पत्रक

अर्थसंकल्पाच्या दिवशी संध्याकाळी येवल्याहून माझ्या सासऱ्यांचा फोन यायचा. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आकडा चुकलेला त्यांना अजून चालत नाही. "काय म्हणतंय बजेट, जावईबापू?" एवढंच विचारायचे. मग मी बोलायचो आणि ते मधे न बोलता ऐकायचे. मी अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. भाषणाचा दुसरा भाग मी आधी वाचतो, कारण कराचं सगळं तिथं असतं. सासुरवाडीत मला जो काही मान होता तो या फोनपुरताच होता. एरवी मला गप्पा मारता येत नाहीत, विनोद सांगायला गेलो तर शेवट आधी सांगून टाकतो.

गप्पा मारणारे जावई म्हणजे माझे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पंचवटीच्या भाजीबाजारात त्यांचा गाळा आहे, मालाचे दोन छोटे टेम्पो आहेत. ते येवल्याच्या घरात शिरले की सासूबाई आतून हसतच बाहेर येतात. मी शिरलो की पदर सावरून येतात.

त्या वर्षीचा अर्थसंकल्प कुणालाच आवडला नाही. निवडणुकीत वाढवून देतो म्हटलेली महिन्याची रक्कम वाढली नव्हती, म्हणून आमच्या इमारतीतल्या बायका चिडल्या होत्या. माझी बायको म्हणाली, "मत मागायला चार वेळा आले, आता एकदा तरी तोंड दाखवा म्हणावं." सत्ताधारी पक्षाचे आमच्या भागातले एक कार्यकर्ते रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर दहा जणांना घेऊन चालायचे, ते आठवडाभर दिसले नाहीत. पण खरा भडका उडाला तो छोट्या मालवाहू गाड्यांच्या करावरून.

सासऱ्यांनी त्या संध्याकाळी 'पाडव्याला याल तेव्हा बोलू' एवढाच निरोप दिला होता, पण साडूभाऊंनी अर्थसंकल्पाच्याच रात्री फोन केला. मी त्यांना पाऊण तास समजावलं. हा कर नव्या गाडीला आहे, गाडी घेतानाच एकरकमी भरायचा आहे, जुन्या गाड्यांना नाही. शेवटी मी म्हणालो, "उद्या भाजी महाग झाली तर लोक टेम्पोवाल्याला बोलतील, या बजेटच्या कागदाला कुणी बोलणार नाही." ते म्हणाले, "वा साडूभाऊ! हे लय भारी बोललात."

पुढच्याच आठवड्यात द्वारका चौकात रास्ता रोको झाला. साडूभाऊ टेम्पोच्या हौद्यात उभे राहून बोलले, आणि माझं ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हटलं. मी फोनवर म्हटलं तेव्हा ते नुसतं वाक्य होतं. त्यांनी म्हटल्यावर चौक दणाणला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, हात वर केलेला. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. विरोधी पक्षाकडून त्यांना तिकिटाची विचारणा झाल्याचं मेहुणीने फोनवर सांगितलं. बायकोने मला सांगितलं तेव्हा मी "छान" म्हणालो आणि उगाचच सिलिंडरची पावती शोधायला लागलो.

गुढीपाडव्याला आम्ही सगळे येवल्याला जेवायला गेलो. पेपरातला फोटो कापून टीव्हीशेजारी चिकटवला होता. पानं वाढली. सासरे बसले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "हं, काय म्हणतंय बजेट?"

मी तोंड उघडलं. पण ते साडूभाऊंकडे बघत होते.

साडूभाऊ पुरणपोळी मोडत बोलत राहिले. अर्धं मी सांगितलेलं होतं, अर्धं त्यांनी हवेतलं घातलं होतं. सासूबाईंनी त्यांच्या पोळीवर दुसऱ्यांदा तूप ओतलं. मी ते मोजलं, हे कबूल करतो. सासरे मला एवढंच म्हणाले, "तुम्ही घ्या ना, संकोच करू नका." पाहुण्याला म्हणतात तसं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी दुपारी ऑफिसात मोबाइलवर साडूभाऊंचा निरोप आला. पत्रकाचा मजकूर होता, खाली लिहिलं होतं, 'उद्या छापायला देतोय. एकदा नजर टाका. तुमची नजर पडली की मी बिनघोर.' मी वाचलं. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की प्रत्येक टेम्पोवाल्याला हा कर दरवर्षी भरावा लागणार. पूर्वीचा कर वर्षाला भरायचा असायचा, त्यामुळे बाजारात सगळ्यांच्या तोंडी 'दरवर्षी'च होतं, आणि मी सांगितलेलं पाऊण तासाचं त्या गलक्यात वाहून गेलं होतं.

चूक दिसायला मला एक क्षणही लागला नाही. माझं कामच ते आहे. कारखान्यात दुसऱ्याच्या बिलातली चूक मी शिपायाकरवी परत पाठवतो, साहेबाचं असलं तरी. इथं मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. चहा घेतला. मग पुन्हा उचलला आणि उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवलं.

तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं ते आठवतं. मी म्हटलं, यांना शुद्धलेखनच बघून हवं असेल. म्हटलं, एकदा सांगितलंय, कितीदा सांगायचं. खरं कारण पाडव्याचं जेवण होतं.

पत्रकं वाटली गेली. चौथ्या दिवशी बाजाराजवळच्या सभेत ट्रॅकवर न दिसणारे ते कार्यकर्ते उभे राहिले. हातात अर्थसंकल्पाच्या भाषणाची प्रत होती. त्यांनी आधी पत्रक वाचलं, मग भाषण वाचलं आणि म्हणाले, "ज्याला दरवर्षी आणि एकदाच यातला फरक कळत नाही, तो तुमचा वॉर्ड सांभाळणार?" लोक हसले. ज्या लोकांनी द्वारकेला टाळ्या दिल्या होत्या तेच. व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरला. पक्षाने साडूभाऊंना 'जरा थांबा' सांगितलं. लोकांचा राग करावरून उठला आणि पत्रकावर बसला. त्या व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी ते कार्यकर्ते ट्रॅकवर परत आले, या वेळी पंधरा जण घेऊन.

आणि मला येवल्याहून फोन आला.

"जावईबापू, पाहिलंत ना? धाकट्यांना मी चांगलं झापलं. म्हटलं, घरात एवढा हिशोबी माणूस असताना छापायच्या आधी त्यांना दाखवायला काय झालं होतं?"

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार? चुकलं म्हणाले. घाईत राहिलं म्हणाले. आता मला नीट सांगा, हा कर नेमका आहे तरी कसा?"

मी सांगितलं. पूर्वीसारखं, पहिल्यापासून. ते हं हं करत ऐकत होते. मला हवं होतं ते सगळं परत मिळालं होतं, आणि मी ते घेतलं. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "आज बरेच खुशीत?" मी फोन चार्जिंगला लावला.

दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी रविवारी सकाळी पंचवटीत गेलो. साडूभाऊ गाळ्यावर मेथीच्या जुड्या लावत होते. मला बघून ओरडले, "या साडूभाऊ! कोथिंबीर घ्या फुकट, आता नगरसेवक होत नाय मी, लाच पण म्हणता यायची नाय." शेजारचा गाळेवाला हसला. मला हसता आलं नाही.

मी म्हणालो, "तुम्ही मला दाखवलं होतं."

"हो."

"मामांना सांगितलं का नाही?"

त्यांनी हात फडक्याला पुसले. "तुमची नजर चुकत नाय, ते मला बी माहितीये. अंगठा आला तेव्हा मी निर्धास्त झालो. व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं." मग पुढची जुडी उचलत म्हणाले, "सांगून काय करू? मला बाजार हाय, माणसं हाय. तुमचं त्या घरात तेवढंच तर हाय."

ते रागाने बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खरंच माझी काळजी घेऊन बोलत होते. आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मला पश्चात्तापाच्या आधी हेवाच वाटला. हे असं वागणं मला जमलं नसतं.

मी तिथंच उभ्या उभ्या येवल्याला फोन लावला. साडूभाऊ "अहो, राहू द्या, कशाला," म्हणत हात करत होते. मी पाठ फिरवली.

"मामा, पत्रक छापण्याआधी मला दाखवलं होतं. चूक मला दिसली होती. मी बोललो नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो कुणीतरी बंद केला.

"विसरलात?"

"नाही. मुद्दाम."

का ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "कुठं आहात?"

"पंचवटीत. गाळ्यावर."

"ते आहेत जवळ?"

"आहेत."

"त्यांच्याकडे द्या फोन."

मी दिला. साडूभाऊंनी तो कानाला लावला, खांद्याने धरला आणि पुन्हा जुड्या लावायला लागले. "हां मामा... नाय हो, कसला राग... अहो होतं माणसाकडनं..." मग ते कशाला तरी मोठ्याने हसले. सासरे काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी उभा होतो, आणि माझ्याच फोनवर त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं होतं.