साडूंच्या गाडीचा सकाळचा आजार

जगात जे जे घरघरतं ते ते आजारी असतं आणि त्याला तपासण्याचा अधिकार एकट्या आपल्याला आहे, असं मानणारा माणूस माझ्या माहितीत एकच. आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हे माझं नशीब. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. घर एरंडोलला. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काढली. निवृत्तीनंतर म्हशी सुटल्या, पण गळ्यातला स्टेथोस्कोप काही सुटला नाही. त्यानं ते मिक्सर तपासतात, पाण्याची मोटर तपासतात, पाहुण्याची स्कूटर तर पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी तपासतात. एकदा धुळ्याला आमच्याकडे मुक्कामाला आले असताना त्यांनी फ्रिजला नळी लावली आणि "याला दम लागतो" असं निदान केलं. तेव्हापासून माझी बायको फ्रिजचं दार माजघरात कुणी झोपलं असावं तसं हळू लावते. एका अंत्ययात्रेला सगळे मान खाली घालून उभे होते, आणि भाऊ शववाहिनीच्या बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे. मयताच्या भावाला वाटलं, माणूस फारच गहिवरला. त्यानं जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर हे त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "हिचेही फार दिवस राहिले नाहीत."

अशा माणसाच्या दारातली गाडीच गेल्या हिवाळ्यात आजारी पडली. पांढरी, जुनी, पेट्रोलवरची गाडी. दिवसभर शहाण्यासारखी चालायची. पण थंडीत सकाळी पहिल्यांदा सुरू केली की जागच्या जागी थरथरायची, गचके द्यायची आणि पाय उचलला की बंद पडायची. एकदा इंजिन तापलं की पुन्हा साळसूद. मिस्त्रीनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, आणि दुपारी गाडी चालवून बघून "काहीच नाही हिला" असं सांगून टाकलं. भाऊ भडकले. "रोगी पहाटे आजारी पडतो अन् डॉक्टर दुपारी नाडी पाहतो. सापडणार काय, कपाळ?" मग केस त्यांनी स्वतःकडे घेतली. रात्री बॉनेटवर अक्काची गोधडी पडू लागली. अक्का म्हणजे माझी थोरली मेव्हणी, भाऊंची बायको. ती म्हणाली, "मला थंडी वाजते त्याचं काय?" भाऊ म्हणाले, "तू सुरू तर होतेस ना सकाळी?"

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती, दिवस भरत आले होते, आणि तिची डॉक्टरीण जळगावला. ऐन पहाटे निघायची वेळ आली आणि गाडीनं दगा दिला तर? हे भाऊ कुणाला बोलून दाखवत नव्हते. दर पहाटे नुसते गाडीपाशी जाऊन उभे राहत.

बायकोला बहिणीच्या मदतीला सोडायला मी गेलो, तेव्हा उजाडायच्या आत त्यांनी मला हलवून उठवलं. "पाव्हणे, उठा. अजून गार शे ती." मी आत बसून गाडी सुरू केली. ती थरथरू लागली. भाऊंनी स्टेथोस्कोपची चकती काढून टाकली होती; नुसत्या नळीचं तोंड ते इंजिनावरून सावकाश फिरवत होते. मागच्या बाजूला एका रबरी पाइपपाशी थांबले. मला बोलावून नळी माझ्या कानाला लावली. आत बारीक फुसफुस ऐकू येत होती. मग त्यांनी त्या जागी साबणाचं पाणी शिंपडलं, तशी गाडीची थरथर एकदम थांबली. पाणी आत ओढलं गेलं आणि पुन्हा थरथर. "चीर पडली," ते म्हणाले. "थंडीत रबर आकसतं, चीर उघडते, नको ती हवा आत शिरते. तापलं की फुगतं अन् चीर मिटते. दुपारी काय दिसणार त्या मिस्त्रीला?"

गाडी बंद करून त्यांनी पाइप काढला. चिरलेलं टोक कापायला अक्काची भाजीची सुरी घेतली, आणि तेवढ्यात अक्काच दारात आली. "पोरले कळा सुरू व्हयन्यात," ती म्हणाली. मग एका हातात पाइप आणि दुसऱ्यात सुरी धरलेल्या नवऱ्याकडे पाहून मला म्हणाली, "रिक्षा बघा कुणाची."

तिच्यामागून मुलगी चौकटीला धरून बाहेर आली. घरात सगळ्यांत शांत तीच होती. "पप्पा, होऊ द्या तुमचं," ती म्हणाली. "पण माझ्याआधी होऊ द्या."

भाऊंनी टोक कापलं. अडलेल्या म्हशी कंदिलाच्या उजेडात सोडवणारा हा माणूस, पण पाइप काही त्याला जागेवर बसवता येईना. दोनदा निसटला. शेवटी मी खालचं तोंड घट्ट धरलं, त्यांनी पाइप दाबून बसवला आणि क्लिप आवळली. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि स्थिर उभी राहिली. बॉनेटवर काठोकाठ चहाचा कप ठेवला असता तरी हिंदकळला नसता. मी कौतुकानं भाऊंकडे पाहिलं. ते फक्त "बसा" म्हणाले. जळगावपर्यंत मागे मुलगी कण्हली की आरशात बघायचे, आणि पुन्हा रस्त्याकडे.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं नर्सनं सांगितलं, तेव्हा भाऊ बाकावर बसले होते. मी म्हटलं, "गाडीनं काय साथ दिली भाऊ. थरथर म्हणून नव्हती."

"नव्हती का?" ते म्हणाले. "मी ऐकलंच नाही."

सव्वा महिन्यानं जावई आला आणि मायलेकींना पुण्याला घेऊन गेला. मी बायकोला न्यायला आलेलो होतो; तिघांना जळगाव स्टेशनवर सोडून आम्ही एरंडोलला परतलो. अक्का उतरली, मी उतरलो. भाऊ मात्र गाडी सुरू ठेवून तसेच बसून राहिले. इंजिन इतकं मऊ चाललं होतं की अंगणात चिमण्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं मी खिडकीशी गेलो.

"काय सापडलं भाऊ?"

"काहीच नई," ते म्हणाले. "बठ्ठं बेस शे. सगळं ठीक."

पण गाडी बंद करायला त्यांनी त्यानंतरही बराच वेळ घेतला.