घरून शिकून या

"ज्यांनी व्हिडिओ बघितला नाही, त्यांनी बाहेर थांबा. चर्चेचा स्तर खाली येतो."

सर अगदी हळू आवाजात म्हणाले. कोथरूडचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी उठले. मागच्या बाकावरची आणखी दोघं उठली. दाराशी पोचले तेव्हा सर म्हणाले, "प्रवेश कोट्यातून मिळतो, बाई. तयारी मात्र घरूनच करावी लागते."

वर्ग हसला. मी व्हरांड्यात उभी. कान तापलेले. आतलं सगळं ऐकू येत होतं, कळत काहीच नव्हतं.

त्या वर्षी सरांनी नवी पद्धत आणली होती. फ्लिप्ड क्लासरूम. धडा घरी व्हिडिओवर शिकायचा, वर्गात फक्त गणितं आणि चर्चा. पद्धत वाईट नव्हती. फक्त ती घर गृहीत धरत होती.

आमचं घर विश्रांतवाडीच्या वस्तीत. एक खोली. स्मार्टफोन आईचा. आई आयटी कंपनीत साफसफाईला. सुपरवायझर कधीही बोलवायचा, म्हणून फोन तिच्याबरोबर जायचा. ती परत येईतो कधी बॅटरी संपलेली, कधी नेट. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ बंद केलेले. हे सगळं मी सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "अडचणी घेऊन येऊ नका. उपाय घेऊन या."

मग ही पद्धत बघायला बाहेरून एक समिती येणार, असं ठरलं. सरांनी आम्हा तिघांना बोलावलं.

"उद्या आपण लायब्ररीत बसा. हजेरी लागेल."

तेव्हा मला कळलं. मी ढ नव्हते. मी लपवायची गोष्ट होते.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. सरांनी बघितलं, पण पाहुणे आत आलेच होते. पोरं पटापट उत्तरं देत होती. शेवटी समितीतल्या बाईंनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

मी उभी राहिले.

"मॅडम, ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे ते इथे बसतात. आम्ही व्हरांड्यात उभे राहतो. आज आम्हाला लायब्ररीत जायला सांगितलं होतं. मी गेले नाही."

कुणी हसलं नाही. बाईंनी मान हलवली. चहा झाला, समिती गेली. अहवालात वर्गाचं कौतुक आलं.

मला सरांच्या विषयात अंतर्गत मार्कांत नापास केलं. बाकीची दोघं माझ्याशी बोलेनाशी झाली. त्यांना पास व्हायचं होतं. सरांनी केबिनमध्ये विचारलं, "आपल्याला शिकायचंय की भांडायचंय?"

"शिकायचंय, म्हणूनच," मी म्हटलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "माफी मागून टाक. वर्ष जाईल." तिची भीती खोटी नाही. ती रोज असल्याच लोकांच्या टेबलांवरून फडकं फिरवते.

माफी मी मागितली नाही. वर्ष गेलं. आता पुन्हा तोच विषय, तेच सर. त्यांनी बाहेर जा म्हटलं, तर मी उठणार नाही. शिकवा म्हणेन. उपकार म्हणून नाही, तुमचं काम आहे म्हणून. इथे, फळ्यावर, माझ्यासमोर.