देवस्थळी सरांचे निवडक कान

देवस्थळी सर बहिरे होते, हे कॉलेजात सरांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

डॉ. श्यामकांत देवस्थळी मूळचे रत्नागिरीचे. महायुद्धात तोफखान्याबरोबर डॉक्टर म्हणून फिरले आणि नंतर जयपूरच्या मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायला लागले. तोफांनी त्यांच्या कानातले बारीक, उंच आवाज तेवढे खाऊन टाकले होते. जाड आवाज मात्र छान ऐकू यायचा. दूधवाला भंवरलाल फाटकाबाहेरून ओरडला की सर आतून "आया, आया" म्हणायचे. आणि हातभर अंतरावर उभ्या बायकोने, म्हणजे प्रभावहिनींनी, "चहा टाकू का?" असं चौथ्यांदा विचारलं तरी मख्ख! मी त्यांची डेमॉन्स्ट्रेटर, शालन पिंपळखुटे, नागपूरची. त्यांच्या खात्यात सहा वर्षं घसा फोडला.

बहिरा माणूस नुसता बहिरा राहिला असता तर मी काही लिहायला बसले नसते. युद्धात गेले बिचाऱ्याचे कान, त्याला कोण हसेल? पण सत्तावन्नच्या हिवाळ्यात सरांच्या हाती एक अमेरिकन नियतकालिक पडलं आणि आमचे ग्रह फिरले.

तोवर वर्गात आम्ही शिकवायचो की कान बातमी पाठवतो आणि मेंदू ती घेतो. या लेखात लिहिलं होतं की थोडे मज्जातंतू उलट दिशेनेही येतात. मेंदूच्या बुंध्यातून निघतात आणि थेट आतल्या कानात, तिथल्या गोगलगाईच्या शंखासारख्या भागापर्यंत पोचतात. मांजराचे हे तंतू विजेने चेतवले तर आवाज तेवढाच असला तरी कानाकडून निघणारा संदेश कमी होतो. म्हणजे मेंदू कानाला "जरा हळू" असं सांगू शकतो. गोष्ट खरी होती आणि वाचून मलाही फार आनंद झाला होता.

सरांनी त्यातून काय काढावं? "शालनबाई, माझं हेच आहे बघा! निरर्थक बडबड माझा मेंदू कानातच बंद करतो. एकाग्रतेची सवय!"

निरर्थक बडबड म्हणजे कोणाची, तर प्रभावहिनींची, माझी आणि वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींची. प्राचार्य नळाच्या पाण्याबद्दल तासभर बोलले तरी त्यातला शब्दही यांचा मेंदू बंद करत नसे. बाप्पा, काय तो मेंदू! कान-नाक-घसा विभागात श्रवण तपासायचं यंत्र आलं तेव्हा वहिनींनी पाटीवर "तपासून घ्या" असं लिहून हात जोडले. सर म्हणाले, "यंत्र कान मोजतं, मेंदू नाही." वहिनी डोळे पुसत आत गेल्या.

इथपर्यंत घरचं दुखणं होतं. पण वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, तोंडी परीक्षा असायची आणि सर परीक्षक असायचे. आवडता प्रश्न ठरलेला, मेंदू कानाला काय सांगतो? मुलगे खड्या आवाजात अर्धवट काहीतरी ठोकून द्यायचे आणि पास व्हायचे. मुली घाबरून हळू बोलायच्या, त्यात आवाज मुळातच बारीक. सर मान हलवायचे आणि म्हणायचे, "तोंड उघडायची तयारी नाही, डॉक्टर कशा होणार?" की शून्य! बाहेरगावचे परीक्षक पलीकडच्या टेबलावर बसायचे, त्यांना पत्ता नसे. पत्ता मला होता. मी सरांच्या शेजारीच नावं पुकारायला बसलेली असायचे. माझी नोकरी तात्पुरती आणि कायम करायची शिफारस सरांच्या हातात, म्हणून मी मूग गिळून बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले.

मग प्रतिमा घोरपडे आली. छावणीतल्या सुभेदार हिंदुराव घोरपड्यांची मुलगी, साताऱ्याकडची. साठच्या एप्रिलात तिने त्या प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. नापास. ऑक्टोबरात तेच उत्तर, पुन्हा नापास. एकसष्टच्या मार्चमध्ये ती सोडाला भागातल्या माझ्या खोलीवर आली आणि म्हणाली, "मॅडम, आबा म्हणालेत, ही शेवटची खेप. आता नापास झाले तर मे महिन्यात गावी नेऊन लग्न लावून देणार. मुलगा बघून ठेवलाय. माझं काय चुकतंय, मतलब, कुठलं पुस्तक वाचू ते तरी सांगा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांवर आणि त्याहून जास्त माझ्यावर. म्हटलं, "पुस्तक घाल चुलीत. तुझा आवाज बदल."

"कसा?"

"तुझे आबा परेडला ओरडतात ना, तसा. पोटातून, जाडाभरडा."

आठ दिवस ती माझ्या खोलीत ओरडत होती. घरमालकीण दोनदा विचारून गेली, "बाईजी, अंदर कौन आदमी है?"

परीक्षेच्या दिवशी उन्हाने कहर केला होता. हॉलमध्ये खसच्या, म्हणजे आपल्या वाळ्याच्या, ताट्या लावल्या होत्या, पण एकच पंखा चालू. त्यामुळे लखनौहून आलेले डॉ. सक्सेना आपली खुर्ची उचलून सरांच्याच टेबलाशी येऊन बसले. मी नाव पुकारलं. प्रतिमा आली. सरांनी तोच प्रश्न टाकला. तिने श्वास घेतला आणि असा काही आवाज काढला की सक्सेनांच्या हातातलं पेन खाली पडलं. मेंदूच्या बुंध्यातून तंतू निघतात, आतल्या कानात जातात, तिथल्या पेशींचा प्रतिसाद कमी करतात. शब्द न शब्द मागच्या दोन्ही वेळचाच.

सर खुलले. "वा! या खेपेला अभ्यास केलात! चांगले गुण देतो तुम्हाला." आणि सक्सेनांसमोरच त्यांनी गुण लिहून सही केली. पोरगी सुटली!

तिने निमूट जायला हवं होतं. पण सुभेदाराची लेक, उठली आणि जागीच उभी राहिली. स्वतःच्या बारीक, कापऱ्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "सर, मी दोन्ही वेळा हेच उत्तर दिलं होतं. तुम्हाला ऐकू येत नाही. माझं एक वर्ष तुम्ही खाल्लंत."

सर प्रसन्न हसले. "हो, हो. या आता. पुढच्या मुलीला पाठवा."

प्रतिमा रडतच बाहेर गेली. सक्सेनांनी आधी सरांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा आवाज चांगला घनगंभीर होता. त्यांनी विचारलं, "मॅडम, या विषयात इथे आजवर किती मुली तोंडीत नापास झाल्या?"

हा प्रश्न सरांना पहिल्याच वेळी ऐकू आला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्याकडे वळले. शिफारशीचा कागद अजून त्यांच्याच टेबलाच्या खणात होता.

"चार वर्षांत चौदापैकी अकरा," मी म्हटलं. पोटातून, जाड्याभरड्या आवाजात, त्यांना नीट ऐकू जाईल असं.