छप्पर नसलेली चर्चेस आणि एस्तेरबाई

फोटोंचं प्रदर्शन गावोगाव फिरवायला लागलं, की फोटो तेवढेच राहतात आणि किस्से मात्र दर मुक्कामाला वाढत जातात. आमचे फोटो अकरा. किस्से मोजणं मी कधीच सोडलंय!

एस्तेरबाई निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत लष्कराचा ट्रक चालवायचे. एका गोऱ्या साहेबानं दिलेल्या कॅमेऱ्यानं त्यांनी विमानांच्या बॉम्बहल्ल्यात मोडलेल्या चर्चेसचे फोटो काढले. बाईंना ते लोकांना दाखवायचेच होते. नगरला माझा फोटो स्टुडिओ, म्हणून प्रिंट माझ्याकडे. नागापूर एमआयडीसीतला वेल्डर दगडूभाऊ लोखंडी स्टँड करतो आणि टेम्पोही चालवतो. झाली आमची टीम!

*

पहिला घोळ मीच घातला. चाळीस वर्षं लग्नाचे फोटो रिटच केलेला हात! एका चर्चच्या छताला भलंमोठं भगदाड होतं. कॉम्प्युटरवर बसून मी ते बेमालूम भरलं आणि मोठ्या अभिमानानं बाईंना दाखवलं.

बाईंनी चष्मा लावून बघितलं. मग म्हणाल्या, "त्यांना पाडायला एक बॉम्ब लागला, तुम्ही एका दुपारी बांधून मोकळे! माझा बाप खोटा पडेल हो. आत्ताच्या आत्ता पाडा ते छप्पर!"

पाडलं.

*

देवळाली प्रवराकडच्या एका शाळेत हॉल मिळाला होता. फोटो बघितल्यावर हेडमास्तर बिथरले. "बाई, चर्चचे फोटो? उद्या कुणी म्हणेल, शाळेत धर्माचा प्रचार चाललाय."

बाईंनी त्यांना हाताला धरून एकेका फोटोपुढे उभं केलं. "सर, नीट बघा. घंटा पडलीय, क्रूस मोडलाय, वेदीवर ढिगारा आहे. ह्यात मी प्रचार कशाचा करू?"

हेडमास्तरांनी खिशातून हॉलची किल्ली काढली.

*

नगरच्या प्रदर्शनात एका फोटोखालच्या ओळीवरून आयोजक अडून बसले. बाईंच्या वडिलांनी फोटोमागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हे आपल्याच बाजूच्या विमानांनी पाडले.' आम्ही तेच खाली छापलं.

"शत्रूनं पाडलं असं लिहा," आयोजक म्हणाले. "नाहीतर संध्याकाळपर्यंत तो फोटो काढून टाका."

बाई माझ्याकडे वळल्या. "फोटो राहणार. ओळ बारीक दिसतेय, अक्षर दुप्पट करा."

मी नवीन ओळ छापून आणेपर्यंत दगडूभाऊनं फोटोची लोखंडी फ्रेम स्टँडला वेल्ड करून टाकली होती! घाम पुसत म्हणाला, "आता काढायचा आसंल तर कटर घिऊन या म्हनावं!"

कटर काही आला नाही.

*

राजूरच्या आठवडे बाजारात आम्ही उघड्यावरच स्टँड लावले. एक जाकीटवाले गृहस्थ मोठ्यानं हसले, "पडकी चर्चं दाखवायला नगरहून टेम्पो करून आलेत!"

शेजारी भाजी विकणारी एक आजी उठली आणि फोटोला नाक लावून बघू लागली. त्या चर्चला छप्पर नव्हतं. पाऊस चालू होता आणि आत माणसं छत्र्या उघडून प्रार्थनेला उभी होती.

"आत मान्सं हायेत ना?" आजीनं विचारलं.

"हायेत की," दगडूभाऊ म्हणाला.

आजी त्या गृहस्थांकडे वळली. "मंग पडलं कुठं?"

*

आणि हा किस्सा शेवटच्या फोटोचा. एका कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक त्याच्यापुढे थबकले. तीन भिंती कोसळलेल्या, बाहेर दगडमातीचे ढीग. पण आतली फरशी लख्ख! खांबाला एक खराटा टेकवलेला.

"इथं झाडलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी," बाई म्हणाल्या. "गाडी दुरुस्तीला थांबली होती. चार तास झाडत होते."

"अहो, पण बॉम्ब तर रोज पडत होते ना?"

"रोज."

"मग छप्पर नाही, भिंती नाहीत, अशा ठिकाणी झाडून उपयोग काय?"

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं वर्गात साधं उत्तर न आलेल्या पोराकडे बघतात.

"दुसऱ्या दिवशी रविवार होता!"