अर्जुनाखालची जाळी

तळहात जमिनीकडे, बोटे सैल, हात हळूहळू खाली. आयुष्यभर एकच काम केलेल्या माणसाचे हात निवृत्तीनंतरही थांबत नाहीत, हे तुम्हीही पाहिले असेल. आमच्या शेजारचे काका हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्रेनचालकाला ओझे हळू उतरवण्याचे इशारे देत. निवृत्त झाल्यावर आमच्या वैशाली नगरात गच्चीवरून गादी उतरवणाऱ्यालाही तोच इशारा मिळे, आणि ताटात वरण वाढणाऱ्या काकूंनाही.

"वरण होय हे, लोहा नाही," काकू म्हणत.

"माह्या हाताखाली आजवर काही पडलं नाही," हे त्यांचे ठरलेले उत्तर.

त्या श्रावणात तळ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत अडईने, म्हणजे शीळ घालणाऱ्या रानबदकाने, अंडी घातली. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. दुर्बीण माझी, चिकाटी काकांची. रोज सकाळी आम्ही तिथे असू. पिल्ले निघाली की आई खालून साद घालते आणि ती ढोलीतून उडी मारतात, असे मी सांगितले, तेव्हा ते चालता चालता थांबले.

"इतक्या उचीवरून? पंख नसताना?"

"वजनच नसतं काका त्यांना. काही होत नाही."

"हवेच्या भरोशावर कोणाले सोडत असतात का, बेटा?"

एका सकाळी मी पोचले, तर झाडाखाली नायलॉनची जाळी ताणलेली. उंचावर काम करणाऱ्यांसाठी कारखान्यात बांधतात तशी, चारही कोपरे पक्के. मी काही बोलण्याआधीच ढोलीच्या तोंडाशी पहिले पिल्लू आले. खालून आईची शीळ सुरू होती. काकांचा हात खाली येऊ लागला. "ये बेटा... आस्ते... आस्ते..."

जी जाळीबाहेर पडली, ती गवतावर उसळली आणि आईकडे पळाली. जाळीत पडलेल्या दोघांचे पाय अडकले. काका त्यांच्याकडे धावले, तशी आई बिचकली आणि बाकीची पिल्ले घेऊन पाण्यात शिरली. काकांनी दातांनी दोरे तोडले. एक पिल्लू सुटून धडपडत पाण्यात गेले. दुसऱ्याची मान तडफडताना दोऱ्यात आवळली गेली होती.

माझे म्हणणे खरे ठरले होते. इतकी लाज मला कधी चुकल्यावरही वाटली नव्हती. मान खाली घालून काका ते पिल्लू तळहातावर धरून उभे राहिले.

"तुह्या काकूले नको सांगू."

काही दिवसांनी काकूंनीच विचारले, "हे आजकाल कावून चूप राहतात गं? वरण सांडलं तरी बोलत नाहीत."

मी अभ्यासाचे कारण सांगून उठले.

पुढच्या श्रावणात ते माझ्यासोबत आले, पण झाडाकडे पाठ करून उभे राहिले. दोन्ही हात खिशात.

"उतरले?"

"सगळे उतरले, काका."

त्यांनी मान हलवली. वळून मात्र पाहिले नाही.

आता काका नाहीत. परवा काकूंनी मला आग्रहाने जेवायला बसवले. वरण वाढताना त्यांचा हात आपोआप मंदावला.

"एक गोष्ट खरी होती बाई यांची," त्या म्हणाल्या, "हाताखाली कधी काही पडू दिलं नाही."

मी ताटाकडे पाहत म्हणाले, "हो, काकू."