भूक मारायची सुई

हेमलता निकुंभ आणि मी, आम्ही दोघी यावल तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका. माझ्याकडे केळीच्या पट्ट्यातली गावं, तिच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे. चौदा वर्षं एकाच खोलीत टेबलाला टेबल लावून बसतोय. ही हकिगत तिने मला सांगितली ती फार उशिरा, आणि सांगताना सारखी खिडकीबाहेर बघत होती.

हेमलता पहिल्यापासून अंगाने भरलेली. दोन बाळंतपणांनंतर तर वजन नव्वदच्या पुढे गेलं. त्यात आठ वर्षांपासून साखर. तिच्या आईचं शिंदखेड्याला साखरेनेच आयुष्य संपलं. आधी पायाचा अंगठा काढला, मग पाऊल, मग आई गेली. ती जखम धुवायला हेमलताच जायची. त्यामुळे स्वतःच्या तळपायाला साधा काटा रुतला तरी ती दिवसभर तो तळवा तपासत राहायची. पाड्यांवर जायचं म्हणजे एसटीतून उतरून दोन-तीन किलोमीटर चढाची वाट. गुडघे इतके दुखायचे की वाटेत चार ठिकाणी दगड बघून बसावं लागे.

गेल्या वर्षी एप्रिलात जळगावच्या डॉक्टरांनी तिला नवीन इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीत. साखर आटोक्यात येईल, भूक कमी होईल, वजन उतरेल. दर रविवारी सकाळी तिचे मिस्टर प्रेमराज फ्रिजमधून ते पेन काढून ठेवायचे आणि हेमलता पलंगाच्या कडेला बसून टोचून घ्यायची. सुई केसासारखी बारीक, दुखायचंसुद्धा नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून भूक म्हणून जी काही असते ती तिच्या अंगातून निघूनच गेली. चतकोर भाकरी खाल्ली की गळ्यापर्यंत भरल्यासारखं वाटे. ज्या भरितासाठी ती जीव टाकायची, त्या भरिताचं वांगं चुलीवर भाजायला लागलं की तिला अंगणात जाऊन उभं राहावं लागे. पण वजन उतरत होतं. जूनपर्यंत सहा किलो, ऑगस्टमध्ये अकरा. साखर इतकी खाली आली की डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. पाड्याची वाट ती एकदाही न बसता चढू लागली.

आम्ही विचारलंच. बायका विचारणार नाहीत तर कोण विचारणार?

"मेथीचं पाणी," ती म्हणाली. "आणि पहाटेचं चालणं."

मी पुढचे तीन महिने रोज सकाळी मेथीचं पाणी प्याले. नुसतं तोंड कडू झालं.

ती खोटं का बोलली, ते तिनेच नंतर सांगितलं. "अगं, मी मीटिंगमध्ये उभी राहून कुपोषणावर बोलते. लेकराला चार वेळा खाऊ घाला म्हणते. आणि घरी जाऊन भूक मरावी म्हणून सुई टोचून घेते. हे कुणाला सांगू? कोण ऐकून घेईल?" तिला साखर होती, औषध डॉक्टरांनी दिलेलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण एकदा लाज शिरली की माणूस कारणं तपासत बसत नाही.

तिच्या हद्दीतल्या एका पाड्यावर गुंताबाई नावाची अंगणवाडी मदतनीस आहे. वय पन्नाशीच्या आसपास, पावरा समाजाची. घरी ती आपल्या बोलीत बोलते, आमच्याशी अहिराणीत. मुलांची खिचडी शिजवणं, पाणी भरणं, घरोघर जाऊन लेकरं गोळा करणं हे तिचं काम. तिचा मुलगा खाज्या आणि सून कामासाठी गुजरातकडे गेलेले. त्यांची अडीच वर्षांची रमिला गुंताबाईजवळच असते.

रमिला आधीपासून किरकोळ. दंडाची पट्टी लावली की पिवळ्या रंगात यायची, म्हणजे जपायला हवं अशी. हेमलतानेच गुंताबाईला बजावून सांगितलं होतं, "अंगणवाडीत मिळतं ते मिळू दे, पण तुझ्या कोंबड्यांचं एक अंडं रोज हिला घाल. विकू नको." आणि गुंताबाई ते मनापासून पाळत होती. मार्चपासून पोरीचं वजन हळूहळू चढत होतं.

जुलैत एका भेटीच्या दिवशी गुंताबाईने हेमलताला खाली बसवलं आणि नीट न्याहाळलं.

"ताई, तू निम्मी व्हयी गयी वं. काय व्हयनं तुले?"

आता तिथे मेथीच्या पाण्याची गोष्ट चालणार नव्हती. त्या पाड्यावर कुणी मुद्दाम बारीक होत नाही. माणूस बारीक झाला म्हणजे त्याला क्षय झाला, नाहीतर घरात दाणा उरला नाही, एवढंच तिथे कळतं. हेमलता गडबडली आणि तोंडाला येईल ते बोलून गेली, "पोटाचा आजार आहे गं. अन्न जात नाही."

गुंताबाई उठली. आत गेली, दोन अंडी उकडून, सोलून, मीठ लावून घेऊन आली. "खा. मना घरनं शे."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. हेमलताने एक अंडं कसंबसं गिळलं, दुसरं अर्धं खाल्लं, आणि उठून मागच्या सागाच्या झाडापाशी जाऊन सगळं ओकली. वळून बघते तर गुंताबाई हातात तांब्या घेऊन उभी. तिच्या डोळ्यात पाणी होतं.

त्या दिवसापासून प्रत्येक भेटीत परत निघताना गुंताबाई तिच्या हातात एक डबा द्यायची. ज्वारीच्या दाण्यात नीट बसवलेली दहा-बारा अंडी. "इथं नको खाऊ. घर जाईसन थोडंथोडं खा. आजारी माणूसले अंडं पाहिजे. तूच सांगस ना मीटिंगमा?"

हेमलता डबा घ्यायची. पुढच्या खेपेला रिकामा परत द्यायची, आणि गुंताबाई खूश व्हायची.

त्या अंड्यांचं काय होत होतं? पहिल्यांदा तिने ती फ्रिजमध्ये ठेवली. प्रेमराज अंडी खात नाहीत, मुलं पुण्याला शिकायला. दार उघडलं की ती अंडी दिसायची आणि तिला मळमळायचं. पंधरा दिवसांनी तिने ती टाकून दिली. मग पुढच्या वेळी घरापर्यंत न्यायचीही तिची तयारी नव्हती. यावलला उतरली की स्टँडच्या मागे उकिरडा आहे, तिथे जाऊन डबा उलटा करायचा. फुटल्याचा आवाज यायच्या आत वळून चालायला लागायचं. असं तिने पाच वेळा केलं. मला आकडा तिनेच सांगितला. मी विचारला नव्हता.

"एखाद्या बाईला देऊन टाकली असती," मी म्हणाले.

"दिली असती तर तिने विचारलं असतं ना, कुठून आणली, तुम्ही का नाही खात."

सप्टेंबरात पावसाची झड लागली. नाल्याला पाणी, दोन भेटी हुकल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती पाड्यावर गेली तेव्हा सेविका कुंदाबाई मुलांची वजनं घेत होती. रमिलाची पाळी आली. कुंदाबाईने काट्याकडे बघितलं, पोरीला उतरवलं, परत ठेवलं.

"ताई, हिचं नऊ किलोच्या खाली गेलंय. मागे दहा होतं."

हेमलताने स्वतः पट्टी काढून पोरीच्या दंडाला लावली. पट्टी लाल रंगावर थांबली. तिने सोडून परत लावली. लालच. रमिला रडतसुद्धा नव्हती, नुसती बघत होती, आणि हेमलता सांगते की तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

"गुंताबाई, काय झालं हिला?"

"हगवण लागनी व्हती पाणीमा. आठ दिन."

"पण तू अंडं देत होतीस ना? रोजचं?"

गुंताबाई खाली बघू लागली. कुंदाबाईनेच सांगितलं, "ताई, तीन महिने झाले. ती कोंबड्यांची सगळी अंडी तुमच्यासाठी ठेवते. मी बोलले तिला, तर म्हणाली पोरगी तरणार, ताई नाही तरणार."

"तुले दिधा," गुंताबाई हळूच म्हणाली, जणू तिचीच काही चूक झाली होती. "पोरगीले भाकर शे, दाळ शे. तुना पोटमा काहीच राहत नही."

हेमलता त्या अंगणवाडीच्या खोलीत फरशीवर बसली. मुलं ताटल्या घेऊन ओळीने बसलेली, खिचडीची वाट बघत. ती मला म्हणाली, "त्या क्षणी अजून एक खोटं बोलता आलं असतं. बरी झाले म्हणता आलं असतं. गुंताबाईने आनंदाने मान्य केलं असतं." पण तिच्याने ते झालं नाही. तिने कुंदाबाईच्या देखत सगळं सांगितलं. साखर, डॉक्टर, रविवारची सुई. ती घेतली की भूक लागत नाही. अन्न जात नाही ते आजाराने नाही, त्या सुईने. आणि अंडी आपण खाल्ली नाहीत. उकिरड्यावर टाकली.

गुंताबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. "सुई टोचीसन भूक मरस?"

"हो."

"आनि तू ती टोचस? पैसा देईसन?"

"हो."

"मंग तू आजारी नही शे?"

"तू समजलीस तशी नाही."

गुंताबाईने मोठा श्वास सोडला. "माले वाटनं तू मरी जाशी," ती म्हणाली, आणि चक्क हसली. हेमलता वाचली म्हणून तिला बरं वाटलं होतं. हेमलता म्हणते, तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी गाडी मागवून रमिलाला दवाखान्यात दाखल केलं. कुपोषित मुलांना ठेवतात त्या खोलीत, आजीसकट. तिथल्या डॉक्टरीणबाईंना हेमलताने अंड्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढी हगवण झाल्यावर कुणाचंही मूल उतरतं. नुसत्या अंड्यांनी झालेलं नाही हे." हेमलताने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण अंगात थोडी ताकद असती तर हगवणीत इतकी उतरली नसती ना?" डॉक्टरीणबाई पोरीच्या कागदावर औषधं लिहू लागल्या.

पोरगी चौदा दिवस तिथे होती. हेमलता ऑफिस सुटल्यावर रोज जायची. गुंताबाईसाठी डबा घेऊन जायची, पोरीला मांडीवर घेऊन वाटीतलं दूध चमच्याने भरवायची. पहिले दोन दिवस रमिला तोंडच उघडत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने वाटी स्वतःकडे ओढली. चौथ्या की पाचव्या दिवशी, पोरगी झोपलेली असताना, गुंताबाई भिंतीकडे बघत म्हणाली,

"तू आधी सांगती ते, सगळा अंडा पोरगीले देती मी."

एवढंच. नंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

याच दिवसांत हेमलताने कुणालाही न विचारता इंजेक्शन बंद केलं. प्रेमराजनी रविवारी पेन काढून ठेवलं तर तिने ते परत आत ठेवलं. तीन आठवड्यांत भूक परत आली, आणि अशी आली की ती मला म्हणाली, "ताटावर बसले की मला माझीच किळस येते. खाते तेव्हाही, नाही खात तेव्हाही." साखर अडीचशेच्या वर गेली. जळगावला गेल्यावर डॉक्टर रागावले. "औषधाने काय गुन्हा केला? तुमच्या आईचं काय झालं ते तुम्हीच मला सांगितलं होतं ना?" तिने मान खाली घालून ऐकलं. सगळ्यात लहान मात्रेपासून पुन्हा सुरुवात झाली. अजून चालू आहे. ती घेते, पण टोचून झाल्यावर बराच वेळ पलंगावरून उठत नाही, असं प्रेमराज सांगतात.

नोव्हेंबरच्या सेविकांच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली. साठ-सत्तर बायका होत्या, मीही होते. तिने मेथीच्या पाण्याचं खोटं कबूल केलं, मग सुईचं सांगितलं, मग अंड्यांचं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. एकीने मधेच विचारलं, "मॅडम, कुठे मिळतं ते?" हेमलता म्हणाली, "साखरेच्या डॉक्टरांना विचारा, तपासणी करून ते सांगतील. कुणाच्या ऐकण्यावरून घेऊ नका. आणि घेतलं तर घरच्यांना, सोबतच्यांना सांगून घ्या." चहाच्या वेळी तिच्याशी कुणी फारसं बोललं नाही. मी जवळ गेले, तर ती रिकामे कप गोळा करू लागली.

रमिला आता बरी आहे. तिचे आईबाप होळीला आले होते, ते पोरीला बघून खूश होऊन गेले. त्यांना गुंताबाईने काही सांगितलेलं नाही. हेमलता पाड्यावर गेली की गुंताबाई सतरंजी अंथरते, पाणी देते, रजिस्टर पुढे ठेवते. "बसा ताई," म्हणते. चौदा वर्षं तिने कधी अहोजाहो केलं नव्हतं. खायचा आग्रह करत नाही. रागाने नाही, अगदी नीट वागते, पण चुलीपाशी बोलावत नाही.

यंदा बदल्यांचे अर्ज आले तेव्हा पहूरकडची जागा रिकामी होती. रस्त्यावरची गावं, चढ नाही, नाला नाही. मी अर्ज तिच्या टेबलावर ठेवला.

तिने तो वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"इथून गेले तर गुंताबाईला वाटेल, मी सुटले," ती म्हणाली. "आणि सुटेनही गं मी. म्हणूनच नको."

उद्या तिची त्या पाड्यावर भेट आहे. सकाळच्या गाडीने जाणार आहे.